वाघ का आला?

२०२० साली दक्षिण कोरियाच्या पर्यटन संस्थेनं जाहिरातीचे काही व्हिडिओ काढले होते. तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेले असतील. डोक्यावर जुन्या काळातल्या टोप्या, अंगात ट्रॅकसूट, डोळ्यांवर गॉगल अशा अवतारातली मंडळी भर शहरात काहीच्या काही नाचतायत. मागे दोन बास गिटार आणि ड्रमचा ठेका. त्यावर चार-पाच गायक जीव तोडून सांगतायत की डोंगरावरून वाघ खाली येतोय.

बँडचं नाव ई नालची. ऑफिसच्या कॅबमध्ये मी ते गाणं निदान पन्नास वेळा तरी ऐकलं असेल. कोरियन भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं. मग एकदा ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना सहज मनात आलं, पण हा वाघ आलाय कशाला?

त्याचं उत्तर त्या गाण्यात नाही. ते गाणं ज्या मोठ्या गोष्टीतून उचललंय, तिच्यात आहे. समुद्राच्या तळाशी राहणारा नागराजा आजारी पडतो. वैद्य म्हणतात, सशाचं काळीज मिळालं तरच वाचाल. एक इमानी कासव सशाचं चित्र घेऊन जमिनीवर येतं. किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत हनुवटी घासत घासत सरपटल्यामुळे त्याचा जबडा बधिर होतो. समोर काहीतरी हलताना दिसतं. कासवाला हाक मारायची असते ‘थो-सेंगवॉन’, म्हणजे ‘ससेराव’. पण ताठरलेल्या तोंडातून ‘थो’ऐवजी ‘हो’ निघतं आणि हाकेचं होतं ‘हो-सेंगवॉन’, म्हणजे ‘वाघोबाराव’! वाघाला जन्मात कुणी ‘राव’ म्हटलेलं नसतं. तो खूश होऊन डोंगरावरून धावत सुटतो.

म्हणजे ज्या वाघाच्या रुबाबावर आपण मान डोलवत होतो, तो एका कासवाची बोबडी वळल्यामुळे आलाय! हा विनोद त्या व्हिडिओत कुठेच नाही. अख्खी गोष्ट ऐकल्याशिवाय तो कळायची सोय नाही.

ही अख्खी गोष्ट आजही सलग गायली जाते, याचं बरंचसं श्रेय एका माणसाकडे जातं. त्यांचं नाव पार्क दोंगजिन. हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

*

आधी थोडी ओळख. या गायनप्रकाराला ‘पानसोरी’ म्हणतात. ‘पान’ म्हणजे लोक जमतात ती जागा आणि ‘सोरी’ म्हणजे आवाज. चटई अंथरलेली असते. एक गायक किंवा गायिका उभी, हातात एक पंखा. बाजूला बसलेला एक ढोलकवाला, त्याला ‘गोसू’ म्हणतात. बस्स, एवढंच सामान. आपल्याकडच्या कीर्तनकारासारखा तो एकटा माणूस गोष्ट सांगतो, गातो, सगळ्या पात्रांच्या नकला करतो. हातातला पंखा कधी पत्र होतो, कधी तलवार, कधी भोपळा कापायची करवत.

गाण्याच्या भागाला ‘छांग’ आणि बोलण्याच्या भागाला ‘आनिरी’ म्हणतात. श्रोत्यांनी गप्प बसायचं नसतं. ढोलकवाला आणि श्रोते मधूनमधून दाद देतात, हुंकार भरतात. ही दादसुद्धा गाण्याचाच भाग मानली जाते. ढोलकवाल्याचा मान इतका, की आधी वादक आणि मग गायक अशी तिकडे म्हणच आहे.

पानसोरीचा आवाज आपल्या कानाला सुरुवातीला बोचतो. तो गोड नसतो. खरखरीत, फाटलेला, पोटातून ओढून काढल्यासारखा असतो. असा आवाज कमवायला गायक डोंगरात जाऊन धबधब्यासमोर बसून गात. पाण्याच्या आवाजावर आपला आवाज चढला, की विद्या साधली असं मानत.

एकोणिसाव्या शतकात अशा बारा गोष्टी गायल्या जात. त्यातल्या पाच आज परंपरेनं टिकल्या आहेत. ‘छुनह्यांगगा’ ही नर्तकीच्या मुलीची प्रेमकथा. ‘शिमछॉन्गगा’ आंधळ्या बापासाठी समुद्रात उडी घेणाऱ्या मुलीची. ‘हुंगबोगा’ गरीब धाकटा भाऊ आणि लोभी थोरला भाऊ यांची. ‘जॉकब्यॉकगा’ चीनमधल्या एका प्राचीन लढाईची. आणि ‘सुगुंगगा’, म्हणजे आपली ससा, कासव आणि वाघाची.

‘सुगुंगगा’ ऐकताना मराठी वाचकाला ओळखीचं काही वाटलं तर तो भास नव्हे. माकडाचं काळीज आणायला निघालेल्या मगरीची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेलीच असते. ती पंचतंत्रात आहे, जातककथांतही आहे. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांबरोबर ती पूर्वेकडे गेली. १९४५ च्या तब्बल आठशे वर्षं आधी, म्हणजे ११४५ साली पूर्ण झालेल्या ‘सामगुक सागी’ या कोरियाच्या इतिहासग्रंथात ती सशाच्या रूपात नोंदलेली आहे. काळीज झाडावर विसरून आलो म्हणणारं आपलं माकड तिथे ससा झालं.

*

पार्क दोंगजिन यांचा जन्म १२ जुलै १९१६ चा, कोरियाच्या मध्य-पश्चिम भागातल्या गोंगजू इथला. देशावर जपानचं राज्य होतं. शाळकरी वयात त्यांनी देजॉन शहरात एका फिरत्या गायक मंडळीचा कार्यक्रम ऐकला आणि शाळेवरून त्यांचं मन उडालं ते कायमचं. शाळा सोडून ते गाणं शिकायला निघाले.

त्या काळी पाचही गोष्टी एकाच गुरूकडे शिकायच्या असा काही नियम नव्हता. ज्याच्याकडे जी चांगली, त्याच्याकडे ती शिकायची. पार्क यांनी ‘छुनह्यांगगा’ जॉन्ग जॉन्गर्योल यांच्याकडून घेतली, ‘शिमछॉन्गगा’ किम छांगजिन यांच्याकडून, ‘सुगुंगगा’ यू सॉन्गजुन यांच्याकडून, ‘जॉकब्यॉकगा’ जो हाकजिन यांच्याकडून आणि ‘हुंगबोगा’ पार्क जिहोंग यांच्याकडून. शिकणं म्हणजे समोर बसून गुरूची एकेक ओळ उचलायची. लिहून घ्यायचा प्रश्नच नव्हता.

मात्र ते शिकत होते तेव्हाच ही कला आतून बदलत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोलमध्ये नाटकगृहं उभी राहिली आणि एकट्यानं गायची गोष्ट अनेक पात्रांत वाटून संगीत नाटकासारखी रंगमंचावर येऊ लागली. मग ग्रामोफोन आला. त्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत. १९२७ मध्ये सोलला रेडिओ केंद्र सुरू झालं. तिथेही वेळ मोजूनच मिळे. इम बांगउल हे त्या काळातले फार लोकप्रिय गायक. त्यांची कीर्ती देशभर पोहोचली ती ‘छुनह्यांगगा’तल्या तुरुंगातल्या विलापाच्या एका तबकडीमुळे. लोकांना तो विलाप तोंडपाठ झाला. त्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय होतं, याची गरज हळूहळू कमी होत गेली.

कोरियन भाषेत गोष्टीतल्या अशा गाजलेल्या जागेला ‘नुनदेमोक’ म्हणतात. त्यात ‘नुन’ म्हणजे डोळा. आणि असे तुकडे सुटे गाण्याला ‘थोमाक-सोरी’ म्हणतात, तुकड्यांचं गाणं. आज आपण ज्याला हायलाइट्स किंवा रील म्हणतो, ते शंभर वर्षांपूर्वी तीन मिनिटांच्या तबकडीनं करून ठेवलं होतं.

*

पार्क यांचं स्वतःचंही काही बरं चाललं नव्हतं. तरुणपणी ते कलावंतिणींच्या संस्थांत गाणं शिकवून पोट भरत. ऐन उमेदीत त्यांचा आवाज गेला. तो परत मिळवायला ते शंभर दिवस एकांतात रियाजाला बसले. इतकं गायले की अंग सुजलं. त्यावर जुना गावठी इलाज म्हणून त्यांनी मैल्याचं गाळलेलं पाणी प्यायलं. हा प्रसंग ते पुढे स्वतःच रंगवून सांगत. ऐकणारे तोंड वाकडं करत आणि ते हसत.

एवढं करूनही पहिल्या फळीचा गायक म्हणून त्यांचं नाव झालं नाही. १९४५ मध्ये जपानी राजवट संपली, १९५० ते १९५३ या काळात युद्धानं देश होरपळून निघाला. पन्नाशीच्या दशकात सगळी पात्रं स्त्रियांनीच करायची अशी संगीत नाटकं तुफान चालत. पार्क अशा मंडळ्यांमध्ये पडद्यामागे संगीताची बाजू सांभाळत राहिले. मग सिनेमानं ती नाटकंही खाल्ली. १९६२ मध्ये त्यांना सोलच्या राष्ट्रीय पारंपरिक संगीत केंद्रात नोकरी लागली. वय ४६. बहुतेक माणसं इथे सुस्कारा टाकतात आणि निवृत्तीचे हिशेब मांडायला लागतात.

पार्क यांनी पुन्हा रियाज सुरू केला. एक तुकडा घासूनपुसून लख्ख करायचा असा तो रियाज नव्हता. तरुणपणी पाच गुरूंकडून जे जे घेतलं होतं, ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत आठवतंय का, सलग गाता येतंय का, हे ते तपासत होते.

माझ्या कामाच्या भाषेत सांगतो. आम्ही सगळ्या डेटाचा रोज बॅकअप घेतो. पण पहिल्याच नोकरीत एका सीनियरनं बजावलं होतं, की जो बॅकअप कधी रिस्टोर करून पाहिला नाही, तो आहे असं धरून चालायचं नाही. साठच्या दशकात पानसोरीची स्थिती काहीशी अशीच होती. १९६२ मध्ये सांस्कृतिक वारसा जपण्याचा कायदा झाला. १९६४ मध्ये पानसोरीला राष्ट्रीय वारसा म्हणून पाचवा क्रमांक मिळाला. मोठे गायक हयात होते, संहिता जपल्या जात होत्या. कागदोपत्री सगळं सुरक्षित होतं. पण एक माणूस, एक ढोलक आणि समोर श्रोते घेऊन अख्खी गोष्ट एका बैठकीत उभी राहते का, हे कुणी चालवून पाहत नव्हतं.

*

३० सप्टेंबर १९६८ रोजी पार्क दोंगजिन यांनी सोलमध्ये ‘हुंगबोगा’ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत गायली. सुमारे पाच तास लागले. त्यांचं वय ५२ होतं.

तो काळ लक्षात घ्यायला हवा. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सोल ते बुसान द्रुतगती महामार्गाचं काम सुरू झालं होतं आणि अडीच वर्षांत ते पुरंही झालं. सगळा देश वेगाच्या मागे लागला होता. जुनं ते मागासलेलं असं वातावरण होतं. अशात एक पन्नाशी उलटलेला, फारसा नावाजलेला नसलेला गायक पाच तास उभा राहून दोन भावांची गोष्ट सांगतो म्हणाला, तर लोकांना तो विक्षिप्तपणाच वाटला असणार.

पण पुढच्या वर्षी, मे १९६९ मध्ये, त्यांनी ‘छुनह्यांगगा’ गायली. आठ तास. १९७० मध्ये ‘शिमछॉन्गगा’. १९७१ मध्ये ‘जॉकब्यॉकगा’ आणि ‘सुगुंगगा’. पाचही गोष्टी पूर्ण झाल्या. अशा संपूर्ण गायनाला ‘वानछांग’ म्हणतात, आणि आज पानसोरी गाणाऱ्या कुणालाही तो शब्द टाळता येत नाही.

आठ तास गाणं माणसाला कसं जमतं? थोडं उत्तर रचनेतच आहे. गाणं आणि बोलणं आलटून पालटून येतं, त्यामुळे बोलण्याच्या भागात गळा आणि छाती सावरते. तालही प्रसंगाप्रमाणे बदलतात. दुःखाला संथ ‘जिनयांग’, सर्वसाधारण कथनाला ‘जुंगमोरी’, घाईगर्दीला ‘जाजिनमोरी’, आणि एकदम धांदल उडाली की ‘ह्विमोरी’. पुढचा प्रसंग कोणत्या तालात आहे हे अंगात भिनलेलं असलं, की शब्द त्या तालाला धरून येतात. दमणूक वाढली की ढोलकवाला ते ओळखतो आणि ठेक्यानं, हुंकारानं गायकाला सावरून घेतो. श्रोत्यांची दाद तिथे उपयोगी पडते. उरलेलं उत्तर मात्र रचनेत सापडत नाही. ते पुन्हा पुन्हा केलेल्या रियाजात आहे.

*

आता दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात, नाहीतर हा लेख आरती होईल.

पहिली गोष्ट: पार्क यांच्याहून सुरेल, भारदस्त गळ्याचे गायक त्या काळात होते. किम सोही यांच्यासारख्या गायिकेच्या आवाजाशी त्यांच्या आवाजाची तुलना कुणी करणार नाही. पार्क यांच्या गाण्यात बोलण्याचा भाग फार असे. चावट विनोद, शिव्या, आयत्या वेळी सुचलेल्या कोट्या असत. आधी म्हटलेलं ते दुसऱ्या वेळी जसंच्या तसं म्हणतीलच याचा भरवसा नसे. ज्यांना पानसोरी हे शास्त्रशुद्ध अभिजात संगीत म्हणून प्रतिष्ठित करायचं होतं, त्यांना हे खटके. पार्क स्वतःला ‘ग्वांगदे’ म्हणवून घेत. त्या शब्दाचा अर्थ खेळ करणारा, सोंगाड्या. एके काळी हा हीन समजला जाणारा शब्द होता.

दुसरी गोष्ट: जुन्या काळी सगळे गायक एका बैठकीत अख्खी गोष्ट गातच असत, असं नाही. श्रोते कोण, यजमान किती पैसे देणार, रात्र किती झाली यावर सगळं ठरे. कधी दोन-चार प्रसंग गात, कधी काही दिवसांत मिळून गोष्ट पुरी होई. घड्याळ लावून पाच-आठ तास सलग गायचा कार्यक्रम हा बराचसा विसाव्या शतकाचाच शोध आहे. म्हणजे पार्क यांनी जी परंपरा जागवली असं आपण म्हणतो, तिचा आजचा साचा बऱ्याच अंशी त्यांनीच घडवला.

यामुळे त्यांचं काम लहान होतं असं मला वाटत नाही. तबकडीनं गोष्टीचे तुकडे केले होते, तेव्हा अख्खी गोष्ट दाखवायची तर एका दमात दाखवणंच भाग होतं. आणि जो माणूस आठ तास गातो, तो आयत्या वेळी सुचलेलं घालणारच. पाठ केलेलं म्हणून दाखवायला स्मरणशक्ती लागते. समोरचा श्रोता पेंगायला लागल्यावर त्याला हसवून पुढच्या प्रसंगापर्यंत आणायला सोंगाड्याच लागतो.

हीच सवय त्यांनी हरवलेल्या गोष्टींवरही चालवली. बारांपैकी ज्या सात गोष्टी मागे पडल्या, त्यात ‘ब्यॉनगांगस्वे’ ही एक अश्लील म्हणून बदनाम झालेली गोष्ट होती. तिची संहिता सिन जेह्यो या एकोणिसाव्या शतकातल्या जाणकारानं लिहून ठेवल्यामुळे उरली होती. चाली मात्र गेल्या होत्या. पार्क यांनी १९७० मध्ये नव्यानं चाली बांधून ती गायली. येशूच्या जीवनावर पानसोरी केली. सोळाव्या शतकातला सेनापती यी सुनशिन याच्यावर केली. ज्याला अख्खी इमारत कशी उभी राहते हे ठाऊक आहे, तोच नवी बांधू शकतो.

*

१९७३ मध्ये पार्क यांना ‘जॉकब्यॉकगा’साठी राष्ट्रीय वारशाचे अधिकृत वारसदार म्हणून मान्यता मिळाली. अशा कलाकारांना कोरियात ‘मानवी सांस्कृतिक ठेवा’ म्हणतात. १९८४ पासून सोलच्या राष्ट्रीय नाट्यगृहात संपूर्ण गोष्ट गाण्याची मालिका सुरू झाली. ती अजून चालू आहे. १९९९ मध्ये ई जाराम या विशीतल्या गायिकेनं ‘छुनह्यांगगा’ आठ तासांत पूर्ण गायली. पुढे तिनंच जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकावर नवी पानसोरी रचली. आता गायकाची खरी परीक्षा ‘वानछांग’नं होते.

गंमत म्हणजे कोरियातल्या सामान्य माणसाला पार्क दोंगजिन आठवतात ते यामुळे नव्हे. नव्वदच्या दशकात त्यांनी एका पारंपरिक औषधाची टीव्ही जाहिरात केली. ‘हुंगबोगा’तल्या पाकोळीच्या प्रसंगाची एक लकेर आणि शेवटी आपलं ते मोलाचं, अशा अर्थाचं एक वाक्य, त्यांच्या गावच्या ढंगात. ते वाक्य घराघरात पोहोचलं. आयुष्यभर अख्खी गोष्ट सांगण्यासाठी झटलेला माणूस लोकांच्या लक्षात राहिला तो काही सेकंदांच्या तुकड्यानं. त्यांना याचं वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही. सोंगाड्याला गर्दी कशी जमवायची ते कळतं. आधी लोक थांबले पाहिजेत, मग गोष्ट.

१९९८ मध्ये गोंगजूला, जन्मगावी, त्यांच्या नावानं गायन शिकवण्याचं केंद्र उभं राहिलं. उतारवयात ते तिथे शिकवत राहिले. ८ जुलै २००३ ला ते गेले, ८७ वा वाढदिवस चार दिवसांवर असताना. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला युनेस्कोनं पानसोरीला मानवजातीचा वारसा म्हणून जाहीर केलं.

*

‘सुगुंगगा’ मी शेवटी पूर्ण ऐकली. एका बैठकीत नाही, तीन रात्रींत. इंग्रजी सबटायटल्स लावून. पहिल्या रात्री तर सवयीनं वेग दीडपट करून पाहिला आणि ढोलकाचा ठेका ऐकून लाज वाटली. परत एकपट केला.

कासव निघायलाच केवढा वेळ लागतो! आधी राजाचं दुखणं, मग वैद्य, मग दरबारातल्या माशांची भांडणं, कोण जाणार आणि कोण नाही. कासव निघतं तर घरचे आडवे येतात. मग समुद्र. मग किनारा. मग ते हनुवटी घासत चढायला लागतं आणि इतका वेळ त्याच्याबरोबर काढल्यामुळे आपलीही हनुवटी दुखायला लागते. त्याचं तोंड उघडतं आणि ‘थो’चा ‘हो’ होतो.

रात्रीचे दीड वाजले होते. रूममेट झोपला होता. मी तोंडावर उशी दाबून हसत होतो. जे गाणं मी पन्नास वेळा ऐकलं होतं ते सुरू झालं, डोंगरावरून वाघ निघाला, आणि या वेळी मला माहीत होतं की त्याला कुणी हाक मारली.